भरतीचा आदर्श नमुना

नंदुरबारसारख्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या जिल्ह्यांतल्या नोकरभरतीबद्दल शासनाचा जाहीर सत्कारच व्हायला हवा. २०१४ पासूनच्या राज्यपालांच्या अधिसूचनांनी १७ संवर्ग स्थानिक आदिवासींसाठी राखले. २०२३ च्या जाहिरातीनंतर उमेदवारांची लेखी परीक्षा झाली; सहनशक्तीची परीक्षा या आरक्षणाला आव्हान देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेने घेतली. २०२४ मध्ये याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून मानधनावर नेमणुका देण्याचे ठरले. रुजू होतानाच निरोपाची सवय लावणारे प्रशिक्षण कुठल्या कंपनीत मिळते सांगा! आता एवढीच नम्र सूचना: नियुक्तीपत्रासोबत निवृत्तीचा आदेशही देऊन टाकावा, अर्थात तोही निकालाच्या अधीन राहून. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली रिकामी खुर्ची तेवढी कायम तत्त्वावर आहे. तिच्या नेमणुकीला अजून कुणी आव्हान दिलेले नाही.