केवळकाका

नगरच्या आमच्या मंडळीत काकांचं खरं नाव फक्त रजिस्टरला ठाऊक आहे. बाकी सगळे त्यांना केवळकाका म्हणतात. उपासना संपली, खुर्च्या उचलायची वेळ आली, की काका खुर्चीत बसूनच तर्जनी वर करतात : "तारण केवळ विश्वासाने! कर्मांनी नव्हे!" पोरं ती एक खुर्ची काकांसकट सोडतात आणि पुढची उचलतात.

काकांना आळशी म्हणणं मात्र चूक आहे. आळशी माणसाला रोज नवं निमित्त शोधावं लागतं. काकांचं निमित्त पाचशे वर्षांचं जुनं आहे. दानार्पणाची थैली समोर आली की ते शेजाऱ्याला हळूच सांगतात, "पैसे मोजून स्वर्ग मिळत नाही, हेच सांगायला 1517 साली मार्टिन ल्यूथर उभा राहिला होता." सांगणं संपेपर्यंत थैली पुढे गेलेली असते.

त्यांचं बायबल बघण्यासारखं आहे. रोमकरांस आणि गलतीकरांस पत्रांची पानं बोटं फिरून काळी पडली आहेत. याकोबाचं पत्र मात्र नव्या नवरीसारखं कोरं. कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे असं म्हणणारा हा याकोब काकांना कधीच मानवला नाही. "ल्यूथरनं 1522 साली या पत्राला पेंढा म्हटलंय," ते सांगतात. एकदा पाळकसाहेब म्हणाले, "काका, रोमकरांस पत्राच्या भाषांतरात 'केवळ' हा शब्द ल्यूथरनं पदरचा घातला. मूळ ग्रीकमध्ये तो तिथं नाही. 'केवळ विश्वासाने' हे शब्द बायबलात एकदाच जोडीनं येतात, तेही याकोबाच्या पत्रात, आणि तिथं 'नव्हे' म्हटलंय."

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "म्हणूनच मी ते पत्र वाचत नाही."

पाळकसाहेबांनीही चिकाटी सोडली नाही. "अहो, 1831 पासून नगरात आलेले ते अमेरिकन मिशनरी विश्वासानंच तारण शिकवायचे ना? मग शाळा कशाला काढल्या त्यांनी? तुम्ही शिकलात ती शाळा त्यांचीच."

"त्यांनी एवढं करून ठेवलं," काका गहिवरून म्हणाले, "की आपल्यासाठी काही उरलंच नाही."

काकांचं खरं दैवत म्हणजे वधस्तंभावरचा चोर. ना बाप्तिस्मा, ना दानार्पण, ना खुर्च्या, आणि त्याच दिवशी थेट सुखलोकात! ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कापतो. एकदा ती रंगात आलेली असताना स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या चोराचे हात खिळलेले होते. तुमचे मोकळे आहेत. गॅसचं सिलिंडर आत घ्या."

काकू वसईच्या, कॅथलिक घरातल्या. नोव्हेना, उपास, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पेज पोचवणं, यातच वाढलेल्या. त्यामुळे ट्रेंटच्या धर्मसभेनं 1547 साली 'केवळ विश्वासा'विरुद्ध दिलेला निकाल काकांच्या घरात रोज सकाळी नळाला पाणी आलं की नव्यानं वाचला जातो. हंडा कोणी उचलायचा, एवढाच प्रश्न असतो. 1999 साली ऑग्जबर्गला लुथरन आणि कॅथलिक पुढाऱ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या : देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेनं, आपल्या पुण्याईनं नाही, पण तीच कृपा माणसाला सत्कृत्यांना लावते. पाळकसाहेबांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा काका म्हणाले, "बघ, आमचं मान्य झालं!" काकू म्हणाल्या, "झालं ना? सह्या झाल्या ना? मग हंडा उचला."

गेल्या पावसाळ्यात काकू घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. दार काकांनी उघडलं. कमरेला टॉवेल, हाताला कणीक, गॅसवर भाताचं पातेलं उतू चाललेलं. मला पाहून ते असे दचकले, की जणू मी त्यांना रोकड मोजताना पकडलं.

"काका, कर्मं?"

"छे!" काका ताठ झाले. "कर्मं म्हणजे तारण कमवायला केलेली. हे फळ आहे. झाड जिवंत असलं की फळ आपोआप येतं. ल्यूथरच म्हणतो, खरा विश्वास 'सत्कृत्य करू का' असं विचारत बसत नाही, विचारण्याआधीच करून मोकळा होतो."

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"तिशीपासून," काका म्हणाले आणि पुढचं पुटपुटले, "पण तेव्हा फळांचा हंगाम नव्हता."

आतून काकूंचा आवाज आला, "फळाला म्हणावं, कढईही घासून ठेव."

काका निमूटपणे मोरीकडे वळले. जाता जाता तर्जनी सवयीनं वर गेली. तिला कणीक लागली होती.