शून्य म्हणजे कडक

"जावईबापू, मीटर कधी टाकलं? वडाप सुरू केलंय का काय?"

गाडीत बसल्या बसल्या सासऱ्यांनी विचारलं. डॅशबोर्डवर, एसीच्या जाळीखाली मी चिकटवलेल्या खोक्यावर आकडे पेटले होते. पुढे आठ, मागे दहा. म्हटलं, "मीटर नाही दादा, सस्पेन्शनचा कंट्रोलर आहे. गाडीची चाल बघून शॉकअप आपोआप कडक-मऊ करतो." दादा एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीच भोर आगारात. वरंधा घाट उतरून महाडला गाडी नेणारा माणूस. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुणी न सांगता सीटबेल्ट लावला.

तशी आमची गाडी साधीच. चाकणला बनलेली, सेकंडहँड घेतलेली टर्बो पोलो. माझ्याआधीच्या मालकाने तिच्यावर प्रेम केलं होतं, त्याच्याआधीच्याने बहुधा सूड उगवला होता. पण इंजिनात दम आहे. पन्नाशीला टेकलेली माणसं ट्रेकला जायला लागतात, नाहीतर हार्मोनियम विकत घेतात. मी शॉकअप घेतले. आधी उंची आणि कडकपणा जुळवता येणारे कॉइलओव्हर, मग त्यांच्या डोक्यावर बसवायच्या चार इवल्या मोटरी आणि त्या मोटरींना हुकूम सोडणारं हे जपानी खोकं. घरात किंमत सांगताना मी एक शून्य विसरलो. शून्याशी माझं पुढेही जमलं नाही.

शॉकअप गाडीचं वजन पेलतो असा लोकांचा समज असतो. वजन स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंगचा स्वभाव वरातीतल्या मावसभावासारखा, एकदा नाचायला लागली की थांबायचं नाव नाही. शॉकअप म्हणजे तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवणारा काका. आत पिस्टन, भोवती तेल. ते तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि उसळीची उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, चांगला तापलेला असतो. भोक लहान केलं की शॉकअप कडक, मोठं केलं की मऊ. त्यासाठी वर एक सुई असते, ती फिरवताना टक् टक् वाजते आणि त्या एकेका टक्‌ला गॅरेजात क्लिक म्हणतात.

हे क्लिक मोजायचे कुठून? तर आधी सुई पूर्ण बंद करायची. तिथे शॉकअप सर्वांत कडक, ते शून्य. मग उघडत जायचं, एक, दोन, तीन. म्हणजे आकडा जितका मोठा तितका शॉकअप मऊ. माहितीपुस्तिकेत हे पहिल्याच पानावर होतं. मी दुसऱ्या पानापासून वाचायला घेतली होती.

त्यामुळे पहिले दहा दिवस मी सिंहगड रोडच्या खड्ड्यांसाठी 'आराम' म्हणून दोन ठेवले आणि एक्स्प्रेसवेसाठी 'स्पोर्ट' म्हणून चौदा. शहरात गाडी पोळपाटासारखी, आणि शंभरच्या वेगाला भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचसारखी. मी मात्र ऑफिसात सांगत होतो, "एक्स्प्रेसवेला काय चिकटते रे रस्त्याला!" एकाला तर मी पार्किंगमध्ये नेऊन बोनेट दाबायला लावलं होतं. त्यानेही दाबून "हां, फरक आहे" म्हटलं. भला माणूस.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्याचे खड्डे तिच्या दवाखान्याला नेमाने पेशंट पुरवतात, त्यामुळे रस्त्यांबद्दल ती सहसा वाईट बोलत नाही. अकराव्या दिवशी लोणावळ्याहून परतताना ती खिडकीची काच खाली करून म्हणाली, "सकाळी गावातून निघताना मला स्लिप डिस्क झाल्यासारखं वाटत होतं आणि आत्ता तिसरा महिना लागल्यासारखं वाटतंय. एकाच गाडीत दोन्ही कसं काय जमवलंस?"

गंमत म्हणजे सस्पेन्शनचं अर्धं शास्त्र तिच्या या वाक्यात आहे. बसलेलं माणूस वरखाली हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या टप्प्यात. आतडी, मणके, सगळी मंडळी तिथे एका सुरात झणझणतात. मळमळ होते ती उलट फार संथ हेलकाव्यांनी, दोन ते दहा सेकंदांत एक, असल्या. शॉकअप अति कडक केला की रस्ता थेट मणक्यात शिरतो. अति मऊ ठेवला की गाडी वळण संपल्यावरही वळणातच रेंगाळते आणि पोट ढवळतं. मणका आणि ओकारी यांच्यामधून एक अरुंद बोळ जातो. तो शोधायचा, त्याचं नाव ट्यूनिंग.

पहिलं पान वाचून झाल्यावर मी त्या बोळात रीतसर शिरलो. रात्री जेवण झालं की पार्किंगमध्ये गाडीत बसायचं आणि तक्ते भरायचे. वीसच्या वेगापर्यंत पुढे आठ, मागे दहा, मग वेग वाढेल तसे दोन्ही आकडे खाली. वळणात बाजूचा रेटा ०.३ जी झाला, म्हणजे अंगाला आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका ओढा बसला, की बाहेरच्या बाजूचे शॉकअप तीन क्लिक कडक. ब्रेकचा रेटा ०.१ जी झाला की पुढचे एक क्लिक कडक, म्हणजे गाडी नाक खुपसणार नाही. तिसऱ्या रात्री वॉचमन काचेवर टकटक करून हळूच म्हणाला, "साहेब, वर जायचं नसेल तर माझ्या केबिनमध्ये पडा. खाट आहे."

आणि खड्ड्याचं काय, हे तर प्रत्येक जण विचारतो. ताशी चाळीसने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. हातभर लांबीचा खड्डा पन्नास मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात संपतो. माझी मोटर बिचारी जागी होऊन कुर्र करत सुई फिरवेपर्यंत खड्डा मागे गेलेला असतो आणि गाडी सपाट रस्त्यावर, जय्यत तयारीत. पंचनामा अगदी बिनचूक होतो, घर मात्र वाहून गेलेलं असतं.

खड्डा चालू असतानाच बदलणारे शॉकअपही आहेत. अमेरिकेत कॅडिलॅकने २००२ साली सेव्हिल गाडीत ते आणले. त्यांच्या तेलात लोखंडाची अतिबारीक पूड असते. गुंडाळीतून वीज सोडली की चुंबकत्वाने ती पूड रांगेत उभी राहते आणि तेल क्षणात घट्ट होतं. वीज काढली की पुन्हा पातळ. दादांना हे फार आवडलं.

"म्हंजे पिठलं," ते म्हणाले. "चुलीवर आळतं तसं."

"पण दादा, हे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आळतं. आणि परत पातळ होतं."

"मग पिठलं न्हवं," ते विचार करून म्हणाले. "पिठलं आळलं की आळलं."

मोटारींच्या शर्यतीत तर याहून मोठे उद्योग झाले. लोटसने संगणकाच्या हुकमावर हलणारं सस्पेन्शन आणलं आणि १९८७ साली आयर्टन सेना या ड्रायव्हरने त्या गाडीत मोनॅकोची शर्यत जिंकली. १९९२ साली विल्यम्सच्या गाडीने त्याच विद्येवर बाकीच्यांना हंगामभर धूळ चारली आणि १९९४ पासून फॉर्म्युला वनने सरळ बंदी घातली. आमच्या घरात बंदीचा ठराव यायला सहा आठवडे लागले. तो बारगळला लोणच्यामुळे.

सासूबाईंना भोरला बहिणीकडे कैरीच्या लोणच्याची बरणी पोचवायची होती. काचेची, दोन किलोंची, वर दोन बोटं तेल. मी छाती पुढे काढून म्हटलं, "आई, माझ्या गाडीत तेल हलणारसुद्धा नाही." बायकोने सोफ्यावरून माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी सहाला बायको-मुलीसकट सगळे निघालो. सासूबाई बरणीला फडकं गुंडाळून आणायला वर गेल्या होत्या, गाडी गेटबाहेर सपाट रस्त्यावर उभी, दादा शेजारी. पुढच्या मोटरी कुर्र झाल्या आणि आठाचे सात झाले.

"उभ्या गाडीला ब्रेक कुणी मारला?" दादा म्हणाले.

मी आकड्याकडे बघत राहिलो. मग हळूहळू प्रकाश पडला. हे खोकं बसवल्यावर त्याला एकदा सांगावं लागतं की बाबा रे, ही सपाट जमीन. ते मी सांगितलं होतं आमच्या तळमजल्याखालच्या पार्किंगच्या रॅम्पवर, गाडीचं तोंड वरच्या बाजूला करून. कारण तिथे दिवा आहे. रॅम्पचा चढ दहाला एक, म्हणजे ०.१ जी. खोक्याने तो चढ हेच सपाट म्हणून मानून घेतलं, आणि तेव्हापासून खऱ्या सपाटीवर त्याला वाटायचं की हा माणूस जन्मभर ब्रेक दाबून आहे. दीड महिना मी रात्री जागून जे तक्ते भरले ते सगळे एका उतारावर उभे होते.

गेटसमोर, भर रस्त्यात, मी यंत्राची शून्याशी नव्याने गाठ घालून दिली. दादांनी मिशीवरून हात फिरवला, बोलले काही नाहीत. ते बोलायला लागले जुन्या कात्रज घाटात.

"आमच्या येळंला शॉकअपला कोण इचारतंय? सगळा कारभार पाट्यांचा." एकावर एक रचलेले पोलादी पाटे. गाडी दबली की ते एकमेकांवर घासतात आणि ती घासणच उसळी खाऊन टाकते. म्हणजे पाटा हीच स्प्रिंग आणि पाटा हाच थोडाफार शॉकअप. "पाट्यांत ग्रीस भरलं की गाडी मऊ हुती. लई भरलं की नाचती. मेकॅनिकला च्या पाजून किती भरायचं ते सांगायचो." मी चाट पडलो. या माणसाने माझ्या खोक्याचं काम ग्रीसच्या डब्यात आणि चहात भागवलं होतं. "आन् रिकामी गाडी उधळती, बघा. भरली की लोणी." हेही खरंच, पाटे भरल्या गाडीच्या हिशेबाने कडक केलेले असतात. "मागल्या बाकावरची मान्सं टकुरं आपटून घेत्यात. म्हून कंडक्टर वरडतो, पुढं सरका, पुढं सरका. तुमी समजता जागा करतोय."

बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतरताना गाडी, खोटं कशाला सांगू, सुरेख चालली होती. वळणात शिरताना मोटरी कुजबुजायच्या, आकडे खाली यायचे, गाडी एका बाजूला न कलंडता वळण घ्यायची आणि बाहेर पडल्यावर आकडे पुन्हा वर. मी दादांकडे तिरकं पाहिलं. त्यांचा डावा पाय नसलेल्या क्लचवर पडत होता, पण चेहरा निवांत होता.

खेड शिवापूरला चहाला थांबलो. दादांनी पायांमधली बरणी उचलून उजेडात धरली. आत काचेवर तेलाची लाल रेघ उमटली होती. डावी-उजवीकडे जेमतेम. पण गाडीच्या तोंडाच्या बाजूला चांगली तीन बोटं वर.

"अजून पुढं कडक करायला हवं," मी म्हणालो.

"ही रेघ गाडीची न्हाई," दादा बशीत चहा ओतत म्हणाले. "तुमच्या पायाची हाय."

त्याला तोड नव्हती. शॉकअप कितीही कडक लावा, नाक खाली जायचा वेग तेवढा कमी होईल, ब्रेकचा रेटा तेवढाच राहतो. आणि बरणीतल्या तेलाला शॉकअप बसवलेला नव्हता. कापूरहोळपासून पुढे मी असा ब्रेक लावत गेलो की मागचा दूधवाला दोनदा हॉर्न मारून पुढे निघून गेला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण परत निघताना दादा म्हणाले, "मागनं हलकी वाटती, जावईबापू," आणि मावशींच्या घरून इंद्रायणी तांदळाचे तीस-तीस किलोंचे दोन कट्टे डिकीत टाकून आले. मग स्वतःच खोक्याचं बटण दाबत बसले. "साठ किलो मागं आलं म्हंजे कडक पायजे. कडक म्हंजे आकडा खाली. दहाचं सात करू." त्यांनी ते पहिलं पान न वाचताच ओळखलं होतं. आणि गाडी कात्रजपर्यंत अशी आली की मागे बायको, मुलगी आणि सासूबाई तिघी झोपल्या.

तांदूळ अजून डिकीत आहे. काढायचं म्हटलं तर दादा काढू देत नाहीत, सेटिंग बिघडतं. त्यांनी एक वही घातली आहे, एसटीच्या लॉगशीटसारखे रकाने आखून: तारीख, मार्ग, पुढे, मागे, तांदूळ. बायको रोज दवाखान्यातून आल्यावर पातेलं घेऊन पार्किंगमध्ये उतरते, डिकी उघडते आणि रात्रीच्या भातापुरतं मोजून काढते. काल झाकण लावतेय तोवर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"किती काढलास?"

"तीन वाट्या, दादा."

"जावईबापूंना सांग, किलोभर झालं काल-आजचं धरून. मागं एक क्लिक सोडा म्हणावं."