दिवे लावले!

'दिवे लावणे' हा शब्दप्रयोग मी शाळेपासून ऐकत आलो आहे. निकालाचा कागद हातात आला की वडील चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "काय दिवे लावलेत यंदा?" गणितातल्या माझ्या दिव्यांचा उजेड चाळिसाच्या पुढे कधी गेला नाही. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी मी खरेखुरे दिवे लावायला निघालो, तेव्हा घरात कुणी औक्षण केलं नाही, यात नवल नाही.

निमित्त झालं आंबा घाटाचं. जुलै महिना, रात्रीचे नऊ, कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेलो. मलकापूर मागे पडलं आणि पावसानं धरलं. ओल्या डांबराची एक खोड आहे. कोरडा, खरबरीत रस्ता दिव्याचा थोडा तरी उजेड आपल्याकडे परत धाडतो. ओला रस्ता मात्र आरशासारखा वागतो आणि सगळा उजेड पुढेच पाठवून देतो. म्हणजे बॅटरी आपली, पेट्रोल आपलं आणि डोळे दिपणार समोरून येणाऱ्याचे. आपल्या वाट्याला काळं कुळकुळीत काहीतरी, ज्यावर रस्ता असावा असा अंदाज.

"अहो, दिवे लावलेत ना?" बायकोनं विचारलं.

लावले होते. खाली उतरून पाहिलं असतं तर दोन निरांजनं दिसली असती. गाडी चौदा वर्षांची, हेडलाइटच्या प्लॅस्टिकच्या काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या पिवळट. तेवढ्यात पुढे एसटी दिसली. आयुष्यात एवढ्या भक्तिभावानं मी कुणाच्या मागे गेलो नव्हतो. ती वळली की मी वळायचो, ती थांबली की मी थांबायचो. अख्खा घाट असा उतरलो. साखरप्यात एसटी उजवीकडे वळली, मीही वळलो. बऱ्याच वेळानं बायको म्हणाली, "आपल्याला रत्नागिरीला जायचंय, की देवरुखला कुणाकडे बोलावलंय?"

पुढच्याच शनिवारी मी पुण्यात नाना पेठेत दाखल झालो. गाडीचा सुटा भाग नाना पेठेत मिळाला नाही, तर तो बनलाच नसावा असं समजायचं. दुकानदारानं काचेच्या टेबलावर बल्ब मांडले, सोनारानं कर्णफुलं मांडावीत तसे. "साठ-पंचावन्न हा साधा. कंपनीतून येतो तो. हा शंभर-नव्वद. हा पांढरा, हा जरा निळा, आणि हा पिवळा, धुक्यासाठी." पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा, दोन्ही वॅटमध्ये. प्रत्येक खोक्यावर केल्व्हिनचा आकडाही छापलेला. जास्त केल्व्हिन म्हणजे जास्त उजेड, अशी माझी समजूत. खरं तर केल्व्हिन सांगतं फक्त रंग. आकडा चढेल तसा उजेड पांढरा आणि मग निळसर होत जातो. हॅलोजन बल्ब निळसर दिसावा म्हणून काचेलाच निळा लेप देतात आणि तो लेप थोडा उजेड खातो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे होते. आल्प्सचे घाट ती माणसं पिवळ्या दिव्यांत उतरत होती आणि मी इथं पांढरा की निळा करत बसलो होतो.

एलईडीवरही हात ठेवून झाला. दुकानदारच म्हणाला, "काका, तुमच्या रिफ्लेक्टरला नको. उजेड फाकतो." विकणाऱ्यानंच नको म्हणावं, हा अनुभव पुण्यात दुर्मिळ नाही, पण या वेळी कारण शास्त्रीय होतं. हेडलाइटची वाटी घडवलेली असते ती तारेचं इवलंसं वेटोळं नेमकं कुठे असेल हे धरून. उजेड जरा इकडेतिकडे उगवला की सगळी शिस्त बिघडते.

मी शंभर-नव्वद घेतले. मोठा आकडा पाहिला की हात तिकडेच जातो, हा मार्कांपासूनचा अनुशेष.

बल्ब मी स्वतःच बसवले, तेही काचेला बोटं लावून. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं, हे नंतर कळलं. बोटाचं तेल तिथं राहतं, ती जागा जास्त तापते आणि बल्ब वेळेआधीच जातो. पण पहिल्या रात्री काय उजेड पडला म्हणता! सोसायटीच्या भिंतीवरची पाल दिसली. रस्त्यावर आलो तर समोरचे सगळे मला अप्पर-डिपर मारू लागले. मी डिपरवरच होतो. आता हे त्यांना कसं सांगणार? एकच उपाय, एकदा अप्पर मारून दाखवायचा, म्हणजे बघा, याआधी डिपरच होता. पण रस्त्याच्या भाषेत त्याचा अर्थ शिवी होतो. सिग्नलला एक मोटारसायकलवाला शेजारी थांबला. काच खाली करायला लावून अगदी आदबीनं म्हणाला, "काका, वरातीतली लायटिंग सोडून आणली का?"

चौथ्या दिवशी जळका वास आला. बल्बचा होल्डर गुळाच्या रंगाचा झाला होता.

मग मात्र इलेक्ट्रिशियन गाठला. त्यानं मला काही विचारलं नाही. इंजिन सुरू ठेवून मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. १३.८. मग होल्डरला लावल्या. ११.९. "हे बघा काका. बल्बाचं काय चुकलंय? त्याला मिळतंयच एवढं." जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच संपत होते. बारीक, जुनी तार, गंजलेलं अर्थिंग आणि सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या इवल्याशा स्विचमधून जाणारा. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी जसा कोरडाच राहतो, तसा माझा बल्ब. आणि हॅलोजनचा हिशोब मोठा कडक आहे. दाब दहा टक्क्यांनी घटला की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. अशा तारेवर मी शंभर वॅट लादले होते. म्हणजे एकेका बल्बला आठ अँपिअरच्या वर. अर्धपोटी हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतं.

त्यानं रिले बसवले. आता स्विचनं फक्त मान हलवायची आणि ओझं वाहायचं ते बॅटरीपासून थेट टाकलेल्या जाड तारांनी. जुन्या वाड्यातला कारभारी असाच असायचा. तो "हं" म्हणाला की मागे चार गडी उठत. दिवे लावले की बॉनेटखाली टिक् असा आवाज येतो, तो या कारभाऱ्याचा "हं". होल्डर चिनीमातीचे आले. काचा आधी हजारच्या, मग दोन हजारच्या पॉलिश पेपरनं पाणी मारून घासल्या. पांढरा चिकट राब निघत राहिला, चौदा वर्षांचं ऊन निघाल्यासारखा. आणि बल्ब? तेच, साठ-पंचावन्न. "शंभर-नव्वद काय करू?" मी विचारलं. "देव्हाऱ्यात ठेवा," तो म्हणाला.

काढलेला बल्ब मी घरी आणला आणि भिंग घेऊन पाहिला. आत दोन वेटोळी असतात, एक अप्परचं, एक डिपरचं. डिपरच्या वेटोळ्याखाली धातूची पळी असते, करंगळीच्या नखाएवढी. तिचं काम एकच, खाली जाणारा उजेड अडवणं. तो वाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर उलटून वर गेला असता, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. वीज खर्चून उजेड करायचा आणि त्यातला एवढा मोठा वाटा जन्मतःच झाकून टाकायचा, तोही कधी न भेटणाऱ्या माणसासाठी. दुकानातल्या कुठल्याच खोक्यावर या पळीचा उल्लेख नव्हता.

आजोळी वीज नव्हती तेव्हा आई रात्री कंदिलाजवळ शिवत बसायची. आम्ही झोपलेलो असू, त्या बाजूला ती काचेला एक पोस्टकार्ड टेकवून ठेवायची. उजेड तिच्या सुईवर आणि अंधार आमच्या पापण्यांवर. पूर्वी ट्रक-मोटारींच्या हेडलाइटला वरून काळा रंग फासलेला असायचा, तोही पोस्टकार्डाचाच भाऊबंद. पुढे त्याची पळी होऊन बल्बात गेली असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे, इतिहास काही का असेना.

इलेक्ट्रिशियननं शेवटी गाडी भिंतीसमोर सपाट जागी उभी केली आणि स्क्रू फिरवत उजेड खाली आणला. दहा मीटरवर दहा सेंटिमीटर उतार. भिंतीवर उजेडाची सरळ कड उमटली, पण डावीकडे ती वर चढत गेलेली. "वाकडं झालंय," मी म्हणालो. "काका, तसंच असतं. डाव्या कडेनं माणसं चालतात."

गणपतीला पुन्हा आंबा घाट. पाऊस होताच, पण रस्ता दिसत होता. फार लांबवर नाही, पुरेसा. एसटीच्या मागे जावं लागलं नाही. साखरप्याच्या अलीकडे डाव्या कडेच्या त्या चढत्या उजेडात आधी दोन पांढरी पावलं दिसली, मग छत्री, मग म्हातारा. एका हातात बॅटरी होती, तिचा झोत सरळ आमच्याकडे. गाडी जवळ आली तशी त्यानं बॅटरी खाली केली आणि झोत स्वतःच्या पायांवर धरला.

"बघा," बायको म्हणाली, "त्यानं डिपर दिला."