दोन सिलिंडर

मराठी घरात बाईनं वजन कमी केलं तर कौतुक होतं, वजन उचललं तर चौकशी होते. पन्नाशी उलटल्यावर मी जिमला जाऊ लागले हे कळताच जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "किती किलो कमी करायचंय?" म्हटलं, कमी नाही करायचं, उचलायचंय. पलीकडे शांतता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींना घेऊन त्या आमच्याकडे हजर. घरात सगळं ठीक आहे ना, हे बघायला.

सगळं ठीकच होतं, फक्त हाडांचा रिपोर्ट तेवढा ठीक नव्हता. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं भराभर विरळ व्हायला लागतात. मी अभिमानानं सांगितलं की मी रोज चालते. "चाला की. पण हाडांना भार लागतो. वजनं उचला." घरी येऊन हा निरोप सांगितला, तर सासूबाई म्हणाल्या, "त्याला पैसे कशाला भरायचे? गव्हाचा डबा गिरणीत मीच पाठवते हिच्याबरोबर."

जिममधला ट्रेनर माझ्या धाकट्याच्या वयाचा. त्यानं पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हटलं, दुसऱ्या दिवशी 'काकू', आणि दोन्ही दिवशी माझ्या हातात गुलाबी डंबेल्स दिली. दोन-दोन किलोची. ती गुलाबी का असतात, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तुझ्या घरी गॅसचा सिलिंडर दारातून ओट्याखाली कोण नेतं?"

"आई."

"मग?"

पोरगा हुशार. गुलाबी डंबेल्स त्यानं निमूट जागेवर ठेवली आणि मला लोखंडी बारपाशी घेऊन गेला.

सिलिंडरचं गणित असं. आत गॅस 14.2 किलो. रिकाम्या टाकीचं वजन वर कड्यापाशी लिहिलेलं असतं, ते साधारण पंधरा-सोळा किलो. म्हणजे भरलेला सिलिंडर सुमारे 30 किलोचा. गॅसवाला दारापर्यंत आणून सोडतो, पुढचा प्रवास घरच्यांचा. आमच्या घरी तो माझा, कारण ह्यांची कंबर लग्नाआधीपासून नाजूक आहे, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हा इतकी वर्षं मी जे वाकडंतिकडं, कण्हत, फरशीवर ओरखडे काढत करत आले, त्याला जिममध्ये डेडलिफ्ट म्हणतात आणि ते सरळ करायचं असतं, एवढाच काय तो फरक. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: एका वेळी दोन सिलिंडर. 60 किलो.

नुसता बारच 20 किलोचा असतो. त्याच्यापुढे उभं राहायचं ते इतकं जवळ की लोखंड नडगीला टेकावं. वाकायचं, पण पाठीतून नाही. मोठा श्वास घेऊन पोट असं आवळायचं की कोणी गुद्दा मारणार आहे. आणि मग बार वर ओढायचा नाही, पायांनी जमीन खाली दाबायची. हे मला पटायला बराच वेळ लागला. पण खरोखरच जमीन दाबली की बार आपोआप उठतो, आणि तो गुडघ्यापाशी आला की आपल्याला कुल्ले नावाचे स्नायू आहेत हे पहिल्यांदा कळतं. तोपर्यंत ते फक्त बसायला आहेत अशी माझी समजूत होती.

ट्रेनर लोकांची मोजणी हा एक स्वतंत्र विषय आहे. आमचा ट्रेनर एक ते सातपर्यंत माणसासारखा मोजतो. आठ दोनदा येतो. नऊ झाल्यावर म्हणतो, "काकू, लास्ट टू." ते दोन झाले की, "फक्त एक." तो एक झाला की, "हा फॉर्म बरोबर नव्हता, हा धरायचा नाही." भाजीवालीशी घासाघीस करण्यात माझा जन्म गेला, पण उलट्या बाजूनं घासाघीस करणारा माणूस मी प्रथमच पाहिला. तरी त्याचं एक म्हणणं खरं निघालं. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन झपझप वाढत गेलं, आणि मी आरशात दंड शोधत होते, तर तिथे काही नाही. तो म्हणाला, "अजून मसल नाही वाढला काकू, आधी नसा शिकतात." स्नायूंचे तंतू आधीपासून असतातच. त्यांतल्या जास्तीत जास्त तंतूंना एकाच वेळी कामाला कसं लावायचं, हे मज्जासंस्था आधी शिकते. मांस चढतं ते नंतर, सावकाश. म्हणजे घरात माणसं होती, फक्त हाक मारल्यावर येत नव्हती. आमच्याकडे हा प्रकार दर जेवणाला चालतो.

दुखण्याबद्दल फार लिहीत नाही. पायांचा व्यायाम झाला की त्या दिवशी मजा वाटते. खरा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. त्या दिवसांत मी डोंबिवली स्टेशनचा पूल आडव्या पावलांनी, कठडा धरून उतरते, आणि अनोळखी बायका "सावकाश हं आजी" म्हणतात.

खरी कुस्ती मात्र स्वयंपाकघरात झाली. आपल्या देशातल्या अधिकृत शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. माझं वजन 62, म्हणजे 51 ग्रॅम झाली. वजनं उचलणाऱ्यांना सर्रास 1.6 ग्रॅम सांगतात. म्हणजे 99. मी वही घेऊन बसले आणि आमच्या घरातला एक सुसंस्कृत दिवस मांडला: पोहे, दोन पोळ्या, भाजी, वरणभात, संध्याकाळी चहा-बिस्किट. बेरीज चाळिशीतच अडकली. इतकी वर्षं ज्या वरणाच्या जिवावर आम्ही स्वतःला डाळ खाणारे म्हणवत होतो, त्याच्या एका वाटीत मूठभरसुद्धा तूरडाळ नसते. बाकी सगळं पाणी, हिंग आणि वरून तूप.

उपासांनी तर कहर केला. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटात, आणि ते भरपूर आहे: 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास. मी खिचडीतलं प्रमाण उलटं केलं, कूट जास्त, साबुदाणा चवीपुरता. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "ही चटणी कशाबरोबर खायची?"

मग अंडी आली. आमच्या ओट्यावर अंडं कधी चढलेलं नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर गॅलरीत कुंड्यांशेजारी इंडक्शन शेगडी लावायला परवानगी मिळाली. अंड्यांचं पातेलं वेगळं, आणि ते चुकून आत येऊ नये म्हणून सासूबाईंनी स्वतः त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधली आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम. मी रोज सकाळी तुळशीकडे पाठ करून तीन अंडी सोलते. तुळशीकडे पाठ ही अट लिखित नाही, पण आहे.

पावडरीचा डबा घरी आला तो दिवस आमच्या इतिहासात नोंदवण्यासारखा. सासूबाईंनी चष्मा लावून विचारलं, "हे कशाचं?" मी सांगितलं, दूध फाटलं की चोथा बाजूला काढून जे पाणी उरतं ना, ते गाळून, आटवून, वाळवून करतात. "म्हणजे पनीरचं पाणी?" हो. "ज्यात मी कणीक भिजवते?" हो. त्यांनी डब्यावरची किंमत पाहिली, मग माझ्याकडे, मग आत झोपलेल्या आपल्या मुलाकडे. "माझ्या पोळ्यांचे इतक्या वर्षांचे किती झाले, हिशोब कर," म्हणाल्या.

त्यात कोल्हापूरचे मामा आले. तरुणपणी तालमीत घुमलेले. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघून वाढलेले, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचा विषय निघाला की गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं ब्राँझपदक जणू आपल्याच कपाटात असल्यासारखे बोलणारे. माझा पावडरीचा पेला पाहून ते हळहळले. "पोरी, आमच्या तालमीत हौद्यातल्या मातीला पण ताक, तेल, हळद, लिंबू मिळायचं. तुला काय मिळतंय? पाणी?" तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदाम वाटून केलेली थंडाई. मामांनी तोच मला सुचवला. मी नम्रपणे म्हटलं, मामा, तो खुराक खाऊन पैलवान पहाटेपासून हजारानं बैठका मारायचा, मी तासभर जाते आणि त्यातला निम्मा वेळ पंख्याखाली बसते. मामांना हे पटलं. आता ते मला फोनवर बैठकांचा आकडा विचारतात, आणि मी रेंज गेल्याचं सांगते.

शेवटी तह झाला तो चक्क्यावर. टांगलेल्या दह्याचा चक्का आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होतोय. मी तो साखर पडायच्या आत पळवते, एवढंच. शिवाय मटकीची उसळ वाटीऐवजी ताटलीभर, हरभरे, सोयाबीन, पनीर. वही आता ऐंशीच्या पुढे जाते. 99 झाले की ह्यांना पेढे देईन म्हटलं, तर त्यांनी विचारलं, पेढ्यात किती ग्रॅम?

आणि उचलणं? ते 55 वर येऊन ठप्प झालं. सरळ 60 लावले तर बार जमिनीला डकवल्यासारखा. किलो-दोन किलोंनी काय होतं, असं मला वाटायचं. पण 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलले, दुखावलेल्या कोपरानिशी, आणि त्याचं सुवर्ण गेलं ते एका किलोनं. आपण वाण्याकडे त्याहून जास्त वर टाकून घेतो. त्याच्या वडिलांची पानाची टपरी आहे, हे वाचलं तेव्हा वाटलं, या घराला ग्रॅमची किंमत आधीपासून ठाऊक असणार.

म्हणून आमच्या ट्रेनरनं तोडगा काढला: आधी 57.5. त्यासाठी बारच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची एकेक चकती लागते. जगातल्या कुठल्याही जिममध्ये 20 किलोच्या चकत्या ढिगानं असतात आणि सव्वा किलोची जोडी कधीच सापडत नाही. एक मिळाली रॅकच्या मागे, धुळीत. दुसरी ट्रेनरनं शोधली, मी शोधली, झाडूवाल्या मावशींनी शोधली. शेवटी मावशींनीच दाराकडे बोट दाखवलं. एसीची हवा बाहेर जाते म्हणून दार बंद ठेवायचा मालकांचा हुकूम, आणि आत गुदमरतं म्हणून ते उघडं ठेवायचा मेंबरांचा हट्ट. या भांडणात कोणीतरी केव्हापासून ती चकती दाराला टेकू म्हणून लावली होती.

"काकू, ती काढली की सगळे ओरडतील," ट्रेनर म्हणाला.

मी काढली. दार धाडकन आपटलं, ट्रेडमिलवरचे दोन काका दचकले, कोणीतरी "अरे कोण आहे रे" म्हणून ओरडलंही. तोवर मी बारला चिमटा लावत होते.