बाबांनी मागून धरू नये

युट्रेख्ट, नेदरलँड्स
१२ मार्च

ती. सौ. आईस,


मे महिन्याची तुमची तिकिटं पक्की झाल्यापासून इथल्या घरात एकाच विषयावर खल चालू आहे. इथे आल्यावर तू सायकल शिकावीस, असा ठराव एकमताने मंजूर झाला आहे. (तुझं मत मोजलेलं नाही.) फोनवर सांगितलं असतं तर ‘या वयात हे कसले थेर’ म्हणून तू फोन बाबांकडे दिला असतास आणि बाबा ‘मी शिकवतो की, त्यात काय’ म्हणाले असते. यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं धोक्याचं, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. माझं म्हणणं इतकंच, की मोठ्या माणसाची सायकल अडते त्याचा दोष आपण वयावर ढकलतो, आणि खरा दोषी सीट धरून मागे उभा असतो. आपल्या घरात तो कोण असेल हे वेगळं लिहायला नको.

वयाचं आधी निकालात काढू. सायकल ही पोरांची वस्तू, ही समजूत तशी अलीकडची. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या वळणाची सायकल जॉन केम्प स्टार्ली या इंग्रजाने १८८५ मध्ये काढली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेत ती शिकली ती बहुतांशी मोठी माणसंच. पोरांच्या हाती द्यावी इतकी ती स्वस्तच नव्हती. घोड्यावर बसायला शिकवावं तशा सायकल शिकवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. टॉलस्टॉय १८९५ मध्ये मॉस्कोत सायकल शिकला तेव्हा ६६ वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. फ्रान्सिस विलर्ड ही अमेरिकेतली दारूबंदीची पुढारी ५३व्या वर्षी शिकली, तेही पायघोळ झग्यात, आणि त्यावर तिने एक आख्खं पुस्तक लिहिलं. तू म्हणशील, ही मोठी माणसं, यांना घरात स्वयंपाक थोडाच करायचा होता. बरं, मग तमिळनाडूत चल. १९९१च्या सुमारास पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ते मनावर घेतलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाडीच्या बाई, नर्स, अशा सगळ्या शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिलं तेव्हा आकडा एक लाखाच्या वर गेला होता. लेडीज सायकली पुरेनात म्हणून या बायकांनी दांड्याच्या जेन्ट्स सायकली चालवल्या. स्वयंपाक त्यांनाही होताच, आणि साडीही होती. साडीचा मुद्दा तू काढणार हे ठाऊक होतं, म्हणून सांगते: इथल्या एका सायकलीचं नावच ‘ओमाफिट्स’ आहे. ओमा म्हणजे आजी, फिट्स म्हणजे सायकल. तिला मधला दांडा नाही, साखळीवर पूर्ण कव्हर आहे आणि मागच्या चाकाला कोटाची किंवा झग्याची टोकं अडकू नयेत म्हणून आडोसा आहे. आपल्याकडे त्याला साडीगार्ड म्हणतात. ज्या देशाने आजीच्या नावाने सायकल काढली, तिथे आजीने वयाची सबब सांगणं बरं दिसत नाही.

आता मागून धरणाऱ्या हाताकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. सायकल उभी कशी राहते? तळहातावर केरसुणी उभी धरायचा खेळ आठव. केरसुणी उजवीकडे कलली की हात उजवीकडे न्यावा लागतो, म्हणजे आधार पुन्हा तिच्या खाली येतो. सायकलीचं तेच: डावीकडे पडायला लागली की हँडल डावीकडेच वळवायचं, म्हणजे चाकं तुझ्या खाली येतात. नवशिका नेमकं उलटं करतो. पडण्यापासून लांब पळावं म्हणून हँडल दुसऱ्या बाजूला वळवतो आणि पडतो. फिरत्या चाकात भोवऱ्याचा गुण असतो म्हणून सायकल पडत नाही, असं शाळेत सांगायचे. इथून जवळच्या डेल्फ्टच्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या संशोधकांनी २०११ मध्ये तो गुण मुद्दाम काढून टाकलेली एक छोटी सायकल दाखवली. माणूस न बसवता ढकलून दिली, तरी ती कललेल्या बाजूला आपोआप वळत नीट चालली. मतलब असा, की सायकल येणं म्हणजे कललेल्या बाजूला वळणं, आणि हे शिकायला आधी सायकल कलावी लागते. मागून सीट घट्ट धरणारा माणूस तिला कलूच देत नाही. हँडलने जे काम करायचं ते त्याचं मनगट करतं. अशाने अर्ध्या तासात मनगट तयार होतं, आणि शिकणारा होता तिथेच राहतो. लहान मुलांच्या सायकलीला बाजूची दोन चाकं लावतात, त्यांचंही हेच पाप: पोर पायडल मारायला शिकतं, तोल जिथल्या तिथे.

यावर बाबा म्हणतील, की महाराष्ट्रातल्या चार पिढ्या अशाच शिकल्या. मग त्या चार पिढ्यांची साक्ष काढू. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, दांड्याखालून पाय घालून मारलेली कैची, मागे धावणारा दादा किंवा मामा, आणि कोणालाही विचार, गोष्टीचा शेवट एकच: ‘मागे वळून बघितलं तर धरायला कोणी नाही!’ सांगणारे हे मामाच्या कौतुकासाठी सांगतात. मला तर यात मामाविरुद्धचा कबुलीजबाब दिसतो. सायकल आली ती मामाने हात सोडल्यावर. त्याआधीचा आठवडा मामाचा व्यायाम होता. मुलं तरी निसटतात, कारण ती हलकी असतात, मामा दमतो आणि ती कोणाचं ऐकत नाहीत. मोठ्या बाईच्या बाबतीत यातलं एकही खरं नाही. तिचं वजन मागच्याला पेलत नाही, तो आणखी घट्ट धरतो, ती त्याच्यावर आणखी भार टाकते, आणि दोघं मिळून असं ठरवतात की वय झालं. बाबांची एक सूचना मात्र बरोबर असते, ‘समोर बघ’. नजर जिथे, सायकल तिथे. तेवढी त्यांनी बाकावर बसून द्यावी.

मग करायचं काय? दोन्ही पायडल काढून टाकायची. सीट इतकी खाली घ्यायची की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मग सपाट, मोकळ्या जागी पायांनी ढकलत चालायचं, हळूहळू ढांगा लांबवायच्या आणि पाय उचलून धरायचे. तोल जाईल असं वाटलं की पाय खाली. इथे धरायला तुझेच पाय असतात, आणि ते योग्य वेळी सोडायचं तुझ्याच हाती असतं. हे फॅड नवीन नाही. कार्ल फॉन ड्राइस याने जर्मनीत १८१७ मध्ये पहिली दुचाकी चालवली तिला पायडलच नव्हती. माणूस तिच्यावर बसून पायांनी पळायचा. पायडल आली १८६० च्या दशकात. म्हणजे जगानेही आधी तोल शिकून घेतला आणि चाळीसेक वर्षांनी पायडल मारलं. आपण दोन्ही एकाच दुपारी शिकायला बसतो आणि गुडघ्यांना बोल लावतो. या देशात बाहेरून आलेल्या बायकांसाठी गावोगावी सायकलचे वर्ग चालतात, तेव्हा मोठेपणी शिकणारी तू एकटी नसशील. लोकांचं म्हणशील, तर इथे माणसं पावणेदोन कोटींच्या वर आणि सायकली दोन कोटींच्या वर. युट्रेख्ट स्टेशनाखालच्या एका तळघरात साडेबारा हजार सायकली मावतात. इतक्या गर्दीत तुझ्याकडे बघायला कोणाला सवड आहे?

पडण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. साठीनंतर खुब्याचं हाड ही गंमत नव्हे. इथेही सायकलच्या अपघातात दगावणाऱ्यांत वयस्करांचा वाटा मोठा आहे, आणि जोरात पळणाऱ्या बॅटरीच्या सायकलीला मी तुला हात लावू देणार नाही. म्हणूनच सीट खाली हवी, पाय टेकलेले हवेत, आणि निघण्याआधी डॉक्टरांना हाडांचं विचारून घे. रस्त्याची काळजी त्यापेक्षा कमी. हा देश जन्मतः शहाणा नव्हता. १९७१ मध्ये इथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. लोक ‘मुलांची हत्या थांबवा’ म्हणत रस्त्यावर आले, १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली, आणि त्यानंतर सायकलचे वेगळे रस्ते होत गेले. त्यांचा फायदा घ्यायला आपल्याला मोर्चा काढावा लागला नाही. तीनचाकी घेऊ, अशी तडजोड तू सुचवशील, तर ती मला मान्य नाही. तीनचाकी वळणावर कलत नाही, उलट बाहेरच्या बाजूला उलटू बघते, आणि तिच्यावर शिकलेलं दुचाकीला उपयोगी पडत नाही.

खरी चिंता तुझी नाहीच, बाबांची आहे. इथे वाहनं उजवीकडून चालतात. इथल्या कितीतरी साध्या सायकलींना ब्रेक पायात असतो: पायडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. बाबांचे पाय उतारावर सवयीने उलटे फिरणार आणि ते जागच्या जागी थांबणार. डेस्टिन सँडलिन या अमेरिकन इंजिनिअरने हँडल उजवीकडे वळवलं की चाक डावीकडे वळेल अशी सायकल चालवायचा प्रयत्न केला, तर ती वश व्हायला आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे. पोरं लवकर शिकतात हे मी मान्य करते. पण त्या दोघांना आधीची सवय मोडायची होती. तुझी पाटी कोरी आहे. मोडायचं काही नाही, म्हणून बाबांच्या आधी तू इथल्या रस्त्याला सरावशील असं मला वाटतं, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवताना एवढं वाक्य गाळलंस तरी चालेल.

येताना बंद बूट आण, घसरत्या चपला नकोत. भाजणी आणि मेतकूट नेहमीप्रमाणे. बाबांना सा. न.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
धाकटी

ता. क. पायडल काढायचं काम बाबांना द्यायला हरकत नाही, पाना घरात आहे. फक्त त्यांना सांगून ठेव, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.