पर्सेंटाइल वाया जाऊ नये म्हणून

अभियांत्रिकीची शाखा म्हणजे विद्यार्थ्याच्या पर्सेंटाइलमध्ये बसणारी सर्वांत महाग जागा. बारावीचे मूल असलेल्या प्रत्येक मराठी घराला ही व्याख्या मान्य आहे. पाठ्यपुस्तकात ती अजून आलेली नाही, एवढेच. निवडीची परिमाणे दोन: हातात आलेले पर्सेंटाइल आणि मागच्या वर्षीचा कटऑफ. पहिल्यातून दुसरा वजा करावा. बाकी शून्याच्या जितकी जवळ, तितकी निवड शास्त्रशुद्ध. बाकी जास्त उरली तर 'मार्क वाया गेले' असे म्हणण्याची पद्धत आहे. 98 पर्सेंटाइलच्या मुलीने सिव्हिल घेणे म्हणजे शंभराची नोट देऊन साठ रुपयांची भाजी घ्यायची आणि सुटे न मागता घरी यायचे. ती भाजी तिला आवडते का, हा प्रश्न या हिशेबात येत नाही.

कटऑफ कोणीतरी जाणती मंडळी बसून ठरवतात, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात तो त्या शाखेतली शेवटची जागा मिळालेल्या विद्यार्थ्याचा आकडा असतो. त्यात प्रयोगशाळेचा दर्जा नाही, शिकवणाऱ्याचा अनुभव नाही, पुढे काय काम करावे लागते याचा तर मागमूस नाही. यंदाचे पालक मागच्या वर्षीच्या पालकांकडे पाहून अर्ज भरतात, मागच्या वर्षीच्यांनी त्यांच्या आधीच्यांकडे पाहून भरलेले असतात. ज्या शाखेचा कटऑफ वर, ती चांगली; चांगली म्हणून मागणी; मागणी म्हणून कटऑफ आणखी वर. इन्स्ट्रुमेंटेशनच्या अभ्यासक्रमात याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात आणि असा लूप यंत्रात सापडला की आधी यंत्र बंद करायला शिकवतात. पण इन्स्ट्रुमेंटेशनचा कटऑफ खाली असल्याने हे ज्ञान फारसे पसरलेले नाही.

पर्सेंटाइल ज्या परीक्षेतून येते ती एमएचटी-सीईटी 200 गुणांची असते. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे 50-50 प्रश्न एकेका गुणाचे. उत्तर चुकले तरी गुण कापत नाहीत. भर उन्हात स्लॅबवर उभे राहून काम करून घेणे मुलाला जमेल, की गार खोलीत दिवसभर एका चुकलेल्या अर्धविरामाचा शोध घेणे, हे या दीडशे प्रश्नांतून कळत नाही. कळावे अशी परीक्षेची अपेक्षाही नाही. ते शोधण्याचे काम घराचे असते, आणि घर त्या दिवसांत कटऑफची पीडीएफ उघडून बसलेले असते.

पूर्वी क्रम उलटा होता. आधी काम असे, मग त्याचे शिक्षण निघे. पुण्यात 1854 साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला तो इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्यासाठी सरकारला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ ते हेच. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आताची व्हीजेटीआय, उभी राहिली तेव्हा शहरातल्या गिरण्यांना तंत्र जाणणारी माणसे लागत होती. पुढे 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. डोनेशन भरून कर्नाटकात जाणारी मुले घरच्या राज्यात शिकावीत, हा हेतू चांगला होता आणि तो सफलही झाला. फक्त क्रम पालटला. आता आधी इमारत, मग जागा, मग जागा भरतील अशी शाखा. काम सर्वांत शेवटी, चौथ्या वर्षी आठवते.

शाखांची तेजी-मंदी मोसमी पावसासारखी ठरल्या वेळी येत नाही, हीच तिची अडचण. सत्तरीतल्या आजोबांच्या काळात सिव्हिल घेणे शहाणपणाचे होते, कारण पाटबंधारे खात्यात चिकटता येई. नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सचे दिवस आले. शतक संपता संपता संगणकांच्या तारखा दुरुस्त करायला मनुष्यबळ कमी पडू लागले, तेव्हा मेकॅनिकल, केमिकल, टेक्स्टाइल सगळेच प्रोग्रॅमर झाले. 2000 मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला आणि त्यांतले कित्येक परत आपापल्या शाखेची पुस्तके शोधू लागले. बांधकामाच्या तेजीत सिव्हिलला पुन्हा भाव आला. चाकणला मोटारींचे कारखाने आले तसा मेकॅनिकलचा रुबाब परतला. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे राज्य आहे.

यात एक साधे गणित दडलेले आहे, पण ते सीईटीला विचारत नाहीत. बाजार वर्षा-दोन वर्षांत फिरतो आणि पदवीला चार वर्षे लागतात. शाखा निवडली जाते ती तेजीच्या शिखरावर, कारण कटऑफ तेव्हाच सर्वांत वर असतो. पदवी हातात पडते त्या वेळी शिखर मागे गेलेले असते. 2021-22 च्या सुमारास आयटी कंपन्या मिळेल त्याला घेत होत्या, म्हणून कॉम्प्युटरला झुंबड उडाली. 2023-24 मध्ये देशातल्या मोठ्या आयटी कंपन्यांची एकूण कर्मचारीसंख्या घटली. तोवर ती झुंबड तिसऱ्या वर्षाच्या सबमिशनमध्ये होती आणि तिला मागे फिरायला वाट नव्हती.

कॉलेजांना मात्र चार वर्षे थांबावे लागत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगल्या कामगिरीच्या महाविद्यालयांवरची शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली, आणि कॉम्प्युटर नावाच्या वडाला पारंब्या फुटल्या. एआय अँड डेटा सायन्स वेगळी, एआय अँड मशीन लर्निंग वेगळी. कॉम्प्युटर सायन्समध्ये आयओटी, सायबर सिक्युरिटी आणि वर ब्लॉकचेन असे सगळे एकाच नावात बसवलेलीही एक शाखा आहे. तिचे नाव सांगून होईपर्यंत समोरच्या स्थळाचा चहा संपतो. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास या सगळ्यांत बराचसा तोच. शिकवणारेही पुष्कळदा तेच, आणि काही ठिकाणी कालपर्यंत थर्मोडायनॅमिक्स शिकवणारे सर पायथॉन शिकवू लागले आहेत. मेकॅनिकलला मुले नाहीत, सरांना ईएमआय आहे. यात सरांचा दोष नाही.

आता शाखांविषयी, म्हणजे त्यांतल्या कामाविषयी. हा भाग प्रवेशाच्या काळात सहसा गाळला जातो. सिव्हिलचा अभियंता काँक्रीटचे ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडतो, सळ्यांचे तक्ते करतो, कंत्राटदाराचे बिल तपासतो आणि पाऊस आला की आकाशाकडे शेतकऱ्याइतक्याच काळजीने पाहतो. मेकॅनिकलवाला भोसरी किंवा चाकणला सकाळच्या पाळीला पोचतो. त्याचा दिवस चांगला गेला की वाईट, हे रिजेक्शनचा आकडा सांगतो. इलेक्ट्रिकलचा उपकेंद्रात असेल तर वादळाच्या रात्री सगळे गाव त्याच्या नावाने शंख करते, आणि वीज आली की विसरते. केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनची माणसे रोहा, पाताळगंगा, लोटे अशा ठिकाणी कंट्रोल रूममध्ये बसून दाब आणि तापमान जागच्या जागी ठेवतात. त्यांच्या उत्तम कामाची खूण म्हणजे काहीही न घडणे. मेटलर्जीचा पदवीधर कोल्हापूरच्या शिरोलीत फाउंड्रीच्या धगीत ओतकामाचे दोष शोधत असू शकतो, टेक्स्टाइलचा इचलकरंजीत. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ईएनटीसीविषयी फार लिहिण्यासारखे नाही; तिची पुष्कळ मुले सॉफ्टवेअरमध्येच जातात. कॉम्प्युटरचे काम सर्वांना माहीत आहे असे समजतात. ते बव्हंशी नवे काही लिहिण्याचे नसून दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेले, आणि लिहून नोकरी सोडलेले, समजून घेण्याचे असते. शिवाय अमेरिकेत सकाळ झाली की पुण्यातली संध्याकाळ मीटिंगमध्ये जाते.

यांतले प्रत्येक काम कुणाला तरी मनापासून आवडते, आणि कुणाला तरी त्याचा उबग येतो. समाधान याहून फार गूढ नाही. तरीही घरात चर्चा होते ती पॅकेजची. तिथेही थोडा घोटाळा आहे. कॉलेजच्या फलकावर असते ते सर्वांत मोठे पॅकेज, तेही एका मुलाचे, हसऱ्या फोटोसह. घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्यांचे सुरुवातीचे पॅकेज दशकभराहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत होते, हे त्या फलकावर मावत नाही. त्या काळात कॉलेजच्या फीने मात्र अशी स्थितप्रज्ञता दाखवली नाही.

सल्लागारांचे मुख्य प्रकार तीन. क्लासवाल्यांचा सल्ला निकालाबरोबर येतो आणि पुढच्या बॅचच्या जाहिरातीत मुलाचा फोटो छापून संपतो. समुपदेशक पैसे घेऊन पसंतिक्रमाची यादी करून देतात. ती यादी मागच्या वर्षीचा कटऑफ उतरत्या क्रमाने लावल्यावर जी दिसते तिच्याशी कमालीची जुळते. तिसरे काका. काका पंचवीस वर्षांपूर्वी प्रॉडक्शन इंजिनिअर झाले, सध्या हिंजवडीत किंवा न्यू जर्सीत बँकेचे सॉफ्टवेअर सांभाळतात, आणि 'कोअर ब्रँचला स्कोप नाही' हे ते कोअर ब्रँचमध्ये एक दिवसही काम न करता सांगू शकतात. त्यांचे वजन मोठे असते, कारण त्यांच्याकडे फ्लॅट दोन असतात. मुलीच्या बाबतीत मेकॅनिकल आणि सिव्हिल ही नावे काका घेतच नाहीत. साइटवर मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नसते हा त्यांचा मुद्दा खरा असतो, पण स्वच्छतागृह बांधणे हेही सिव्हिलचेच काम आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

या सर्व विचारमंथनाचे अंतिम रूप म्हणजे ऑप्शन फॉर्म. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो, आणि असे 300 पर्याय भरता येतात. ज्याला पहिला पर्याय का हवा हे सांगता येत नाही, तो दोनशे सत्तेचाळिसावा कशासाठी लिहितो, यावर संशोधन व्हायला हरकत नाही. यादीत पहिल्यांदा नामांकित कॉलेजातल्या सगळ्या शाखा येतात, मग शाखा ठरलेली असल्यास तीच शाखा दूरच्या कॉलेजांत, मग भीती. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. या नियमाने राज्यातल्या अनेक घरांत प्रथमच 'खरंच हवं काय?' हा प्रश्न विचारला गेला. प्रवेश परीक्षा कक्षाचा हा अनपेक्षित लोकोपयोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. या फेऱ्यांच्या बाहेर खासगी महाविद्यालयांतल्या संस्थास्तरावरच्या 20 टक्के जागा असतात. तिथे पर्सेंटाइल वाया जाण्याची भीती नसते, वेगळे काहीतरी जाते.

शाखा आयुष्य ठरवते, हे गृहीतक या सगळ्याच्या तळाशी आहे. पुरावा त्याला फारशी साथ देत नाही. मनोहर पर्रीकर आयआयटी मुंबईचे मेटलर्जीचे पदवीधर. ते गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले. सुंदर पिचाई आयआयटी खडगपूरचे, तेही मेटलर्जीचेच. ते गूगल चालवतात. अनिल कुंबळे मेकॅनिकलचे आणि जवागल श्रीनाथ इन्स्ट्रुमेंटेशनचे. दोघांनी मिळून फलंदाजांवर प्रयोग केले. उलट बाजूही आहे. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून 1963 साली मेकॅनिकल होऊन बाहेर पडले आणि ती विद्या त्यांनी ध्रुव अणुभट्टीच्या उभारणीत वापरली. विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या कॉलेजात सिव्हिल केले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि खडकवासल्याला 1903 मध्ये स्वतःहून उघडणारे दरवाजे बसवले. 15 सप्टेंबरला अभियंता दिनी त्यांच्या तसबिरीला हार घालताना त्यांची शाखा कोणती, याचा उल्लेख कॉलेजे हल्ली जपूनच करतात. त्या शाखेच्या जागा भरायच्या राहिलेल्या असतात.

सीईटीचा निकाल लागल्यापासून पहिल्या फेरीचे पर्याय भरेपर्यंत काही आठवडे जातात. ओळखीत एखादा साइट इंजिनिअर, एखादा पाळीतला सुपरवायझर, एखादी उपकेंद्रातली ज्युनिअर इंजिनिअर आणि एखादी रात्री उशिरापर्यंत कॉलवर असणारी प्रोग्रॅमर बहुतेक घरांना सापडते. त्यांच्याबरोबर एकेक पूर्ण दिवस मुलाला पाठवायला आठवडा पुरतो आणि फी लागत नाही. मात्र जाताना काकांना बरोबर नेऊ नये.