पटाची गाडी

धान्य घेताना माणूस मुठीत दाणा धरून पाहतो, जमीन घेताना सातबारा पाहतो. धावणारी वस्तू घेताना मात्र तो आधी स्वतःलाच पाहतो, आणि तेही पंचवीस वर्षांपूर्वीच्या आरशात. म्हणून असले व्यवहार रेंगाळतात. सध्या माझा रेंगाळतो आहे. नागपुरात एक फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय विकायला आहे. २०१५ ची, लाल, एका हातची. चष्म्याचा नंबर आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही कायमचे ठरून गेल्यावर असली गाडी घ्यावी का, हा प्रश्न मनात घेऊन मी गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यात धुऱ्याधुऱ्याने हिंडतो. उत्तर इतक्यात सापडू नये, असेही आतून कुठेतरी वाटते.

गाडी पुण्याजवळच्या चाकणची. इंजिन जेमतेम १.२ लिटरचे, पण त्याला टर्बो आहे. इतर गाड्या जो जळका वायू निमूट सोडून देतात, तो इथे जाता जाता एक चक्री फिरवून जातो आणि ती चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. निरोप घेणाऱ्यालाही शेवटचे एक काम सांगायचे, अशी ही काटकसर. त्यातून कंपनीने १०५ अश्वशक्ती काढली होती. सध्याच्या मालकाला तेवढी पुरली नाही. हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे सारे ईसीयू नावाच्या मेंदूत लिहिलेले असते. त्याने ते नव्याने लिहून घेतले. त्याच्या मंडळींत याला ‘स्टेज वन रिमॅप’ म्हणतात. मग आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली, एअर फिल्टर बदलला, रुंद नळीचा सायलेन्सर लावला. आता ती उभी असतानाही निघाल्यासारखी दिसते. सुरू केली की दूरच्या रानातून पावसाची सर पानांवर चालून यावी तसा आवाज येतो, आणि अंगणातल्या माणसाचा हात नकळत वाळत घातलेल्या कपड्यांकडे जातो.

दवनीवाड्याला शक्तीची ददात कधीच नव्हती; ददात आहे ती मोकळ्या रस्त्याची. सुगीत डांबरावर धान वाळत पडलेले असते, रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर अर्ध्या रस्त्यावर बांधीतला चिखल सांडून जातात, आणि गतिरोधक तर प्रत्येक घराने आपापल्या दारापुढे हौसेने मागून घेतल्यासारखे. दुसऱ्या बाजूला वैनगंगा. ती ओलांडली की बालाघाट. सात गिअरची ही गाडी इथे आली तर तिचे वरचे तीन गिअर जन्मभर अविवाहित राहतील. बायकोने एकच विचारले, “तिच्यात धानाचं पोतं मावते का जी?” मावते, मी म्हणालो, पण मग गाडी खाली टेकते. त्यावर ती काही बोलली नाही. ती न बोलण्याची पद्धत मला पाठ आहे. शेजारच्या भाऊंनी हिशेब मांडला. साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये, गाडीची मागणी पावणेपाच लाख. म्हणजे दोनशे क्विंटल धान. मिटल्या डोळ्यांसमोर मला थप्पीला लागलेली पोती दिसू लागली आणि त्यांच्या शेंड्यावर ती लाल गाडी, गुढीसारखी.

अशा वेळी आजोबा आठवतात. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली त्यातून वेगळा झाला. हिवाळ्यात गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरायचे. दिवसा पट, रात्री नाटक, आणि दोन्हींत आपलीच जोडी हरल्यासारखे तोंड करून सकाळी घरी येणारी माणसे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याच्या सुधारित कायद्यावर शिक्कामोर्तब केले. पण मी सांगतो आहे ते या दोन्हींच्या कितीतरी आधीचे. आजोबांना पटाचा एक उतरता बैल घ्यायचा होता. आधी दात पाहिले: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. मग खूर, मग अंगावरचे भोवरे. भाव तोंडाने बोलायचा नाही. दुपट्ट्याखाली बोटे धरून सांगायचा. सगळे पटले तरी आजोबांनी पैसे काढले नाहीत. आधी विकणाऱ्याच्या घरी जाऊन चहा घेतला. बैल काय खातो ते दाव्याला कळते, पण तो का विकला जातो आहे ते घरातच कळते, असे त्यांचे म्हणणे होते.

बैल आला आणि चिखलणीला जुंपला गेला. बिचारा खाली मान घालून चालायचा. एके दिवशी पलीकडच्या बांधीत पोरांनी कशावरून तरी एकच गिल्ला केला. बैलाने कान टवकारले. त्याला वाटले असावे, लोक जमले, धुरकरी बसला, आता सुटायचे. तो सुटला. सोबतचा गरीब बैल, नांगर आणि कासऱ्याला लोंबकळलेला गडी, सगळ्यांना घेऊन धुऱ्यामागून धुरे ओलांडत गेला. पऱ्हे तुडवले, नांगराचा दांडा मोडला. आम्हा पोरांना वाटले, आता बैलाची खैर नाही. आजोबा मात्र संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला किती धुरे ओलांडले ते सांगत बसले होते, आणि प्रत्येक सांगण्यात एक धुरा वाढत होता. पुढच्या पोळ्याला पहिली झूल त्याच बैलावर चढली.

दात पाहण्याची रीत आता बदलली आहे. गोंदियाच्या ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर जोडून गाडीच्या पोटातले सगळे वाचून दाखवावे, रिमॅप करणाऱ्याची पावती मागावी, गिअरबॉक्सचा क्लच थरथरतो का ते चढावर पाहावे. वाढवलेल्या दाबाला चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते, नाहीतर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच इंधन आपोआप पेटते आणि इंजिन आतल्या आत ठोकरा खाते. तसले पेट्रोल गावच्या वाटेवर मिळेल का, तेही पाहावे. दुपट्ट्याच्या जागी मालकीबदलाचे फॉर्म २९ आणि ३० आले, नागपूरहून गोंदियाच्या एमएच-३५ मध्ये यायला ना-हरकत आली. आणि एक मोठा भोवरा आहे तो कायद्याचा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. रुंद नळीच्या सायलेन्सरांना तर पोलीस थेट रोडरोलरखाली घालतात. असा राजेशाही अंत इतर कुठल्या सुट्या भागाच्या नशिबी नाही.

आजोबांच्या रीतीने मीही विकणाऱ्याच्या घरी चहाला गेलो. पोरगा तिशीचा, नोकरदार, हॉलमध्ये पाळणा. गाडी का विकतो ते विचारायची गरज उरली नाही. “काका, जुने पार्ट सगळे आहेत,” तो म्हणाला. “आईनं एकदा भंगारात दिले होते, मी जाऊन परत आणले.” माळ्यावरून त्याने एक पोते खाली उतरवले: मूळ स्प्रिंगा, मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आणि माझ्यापुढे खरा पेच उभा राहिला. पोत्यातले सामान परत बसवले की गाडी कायद्याची, गतिरोधकावर न घासणारी, धानाचे पोते पेलणारी होते. पण मग दोनशे क्विंटल धान देऊन तिलाच घेण्याचे कारण संपते. आहे तशी घेतली तर कारण शिल्लक राहते आणि गाडी घराबाहेर काढता येत नाही. शिवाय त्या बदलांवर त्याने ओतलेला पैसा बाजारात कोणीच मोजत नव्हते. वाहनाला पुनर्विक्रीचा भाव असतो, हौसेला नसतो.

परतल्यावर फोनवर मी त्याला म्हटले, “मूळ सामान बसवून दे. काढलेलं तुझ्यापाशीच राहू दे.” पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग अगदी लहान आवाजात त्याने विचारले, “सायलेन्सरही?” सायलेन्सरही, मी म्हणालो. त्याने आपण होऊन पंधरा हजार कमी केले. इतक्या आनंदाने पैसे सोडणारा माणूस मी बाजारात पाहिला नव्हता. उद्या तो सायलेन्सर पुन्हा माळ्यावर जाईल, आणि आईने भंगारवाल्याला हाक मारली की पुन्हा कोणीतरी धावेल.

स्प्रिंगा, फिल्टर, सायलेन्सर, सगळे बोलून झाले. इंजिनाच्या मेंदूत नव्याने लिहिलेल्या ओळींचा विषय मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच काढला नाही.

“म्हणजे आता साधीच गाडी झाली ना जी?” बायकोने विचारले.

“साधीच,” मी म्हणालो.